उन्हाळ्यातील चित्रकला शिबिर आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



अध्यक्षसाहेबांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषय मी स्वतः मागून घेतला आहे. या व्यासपीठावरून दरवर्षी दहावीनंतर काय, सायन्स की कॉमर्स, डी.एड. की आय.टी.आय., यावर बोलणे होते. ते व्हायलाच हवे. आज मात्र मी एका लहानशा गोष्टीवर बोलणार आहे. चौदा ते सतरा वर्षांच्या आपल्या मुलाला किंवा मुलीला उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-चार आठवडे परगावी, मुक्कामाच्या चित्रकला शिबिराला पाठवावे की नाही, एवढाच माझा विषय आहे.

प्रथमच सांगून टाकतो की मी चित्रकार नाही. मी इतिहास-मराठीचा शिक्षक. चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि ते तास माझ्याकडे आले. मी फळ्यावर घोडा काढला तर वर्ग त्याला बकरी म्हणतो, आणि वर्गाचे काही चुकत नाही. तरीही हा विषय मी घेतला, त्याला कारण माझ्या हातून झालेली एक चूक आहे. ती आपल्यापासून लपवून उपदेश करणे मला बरे वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नववीला एक मुलगा होता. वडिलांचे वेल्डिंगचे दुकान. मुलगा अभ्यासात बेताचा, पण वहीच्या शेवटच्या पानांवर काय काय काढलेले असे! जिनिंगच्या आवारातील कापसाचे ढीग, बैलगाडीचे चाक, स्टेशनावरचा पाण्याचा नळ. चाक असे, की आऱ्या मोजाव्यात. त्या वर्षी मोठ्या शहरातील एका कलासंस्थेचे पत्रक शाळेत आले. २१ दिवसांचे निवासी शिबिर, राहणे-जेवण तेथेच, फी अर्धी माफ होण्याची सोय. मुलाने अर्ज मागितला. वडील शाळेत आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मास्टरसाब, आप जो बोलेंगे वो." त्यांनी निर्णय माझ्यावर सोपविला होता. मी म्हणालो, "चाचा, पुढचे वर्ष दहावीचे आहे. राहू द्या." पत्रक माझ्या टेबलाच्या खणात राहिले.

दहावीला त्याला ५० टक्क्यांच्या आसपास गुण मिळाले. शिबिराला गेला असता तरी तेवढेच मिळाले असते, असे आज मला वाटते. आता तो भुसावळला फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. वाढदिवसाचे बॅनर करतो, कमाई बरी आहे, घराला हातभार आहे. त्याचे वाटोळे झाले असे मी म्हणणार नाही. मेहनतीच्या कमाईला कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. परंतु मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा त्याने विचारले, "सर, ते शिबिर कसं असतं हो? दिवसभर काय करायला लावतात?" मला उत्तर देता आले नाही. कारण मी त्याला अडविले तेव्हा मलाच ते ठाऊक नव्हते! ठाऊक नसताना नाही म्हटले, ही माझी चूक. त्यानंतर मी चौकशी करू लागलो, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

अशा शिबिरात काय असते? सकाळी वस्तुचित्र. मडके, वांगी, कापडाची घडी समोर ठेवतात आणि एकच वस्तू तीन-तीन तास काढायला लावतात. दुपारी रंग किंवा मातीकाम. संध्याकाळी बाहेर जाऊन झाडे, घरे, बाजार यांची झटपट रेखाटने. रात्री दुसऱ्या दिवसाची तयारी. आठवड्यातून एकदा सर्वांची कामे भिंतीवर लावतात आणि शिक्षक प्रत्येकाचे चित्र सर्वांसमक्ष तपासतात. घरी ज्या मुलाला "वा, काय चित्र आहे!" ऐकण्याची सवय असते, त्याला तेथे प्रथमच कळते की आपल्या चित्रातले मडके टेबलावर बसलेलेच नाही, हवेत तरंगते आहे. काही मुले रडतात. हे मला एका शिबिरात शिकविणाऱ्या गृहस्थांनी सांगितले आणि पुढे हेही सांगितले, की जे रडून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोर्ड घेऊन बसतात त्यांच्याकडेच ते लक्ष ठेवतात.

परदेशात ही पद्धत चांगली रुजलेली आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन ही १८७७ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिचा कॉलेजपूर्व उन्हाळी वर्ग सहा आठवड्यांचा असतो. मुले तेथेच वसतिगृहात राहतात, आणि पुढे कलेचे कॉलेज धरावे की नाही याचा अंदाज घेऊन घरी परततात. त्याचा खर्च आपल्या पैशात कित्येक लाखांत जातो, तेव्हा तो विषय आपण सोडून देऊ.

पण ही कल्पना अमेरिकेचीच आहे असे समजू नका. तरुण विद्यार्थ्यांनी घर सोडून, एका ठिकाणी मुक्काम करून, महिनोन् महिने चित्रे काढीत बसावे, हे आपल्या शेजारी दीडशे वर्षांपूर्वी घडले आहे. जामनेरवरून पुढे गेले की फर्दापूर लागते, आणि फर्दापूरजवळ अजिंठ्याची लेणी. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत ती पाहिली आहेत. म्हणजे वडे खाल्ले आहेत, माकडांना चणे दिले आहेत आणि फोटो काढले आहेत. तेथे चित्रकलेची शाळा भरली होती, हे आम्ही शिक्षकांनीही मुलांना सांगितलेले नाही.

मुंबईची सर ज. जी. कला शाळा १८५७ साली सुरू झाली. तेथील जॉन ग्रिफिथ्स या इंग्रज शिक्षकाने १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास आणण्यास आरंभ केला. १८८५ पर्यंत हे काम चालू होते. अंधाऱ्या लेण्यांत भिंतीवरचे चित्र निरखायचे आणि समोरच्या कापडावर तसेच उतरवायचे, हेच त्यांचे शिक्षण. त्या मुलांत पेस्तनजी बोमनजी हा पारशी तरुण होता. काम सुरू झाले तेव्हा त्याचे वय विशीच्या आसपास, आणि पुढे तो नामांकित चित्रकार झाला. त्यांनी केलेल्या नकलांपैकी बऱ्याच लंडनला आगीत जळाल्या. त्याहीपूर्वी रॉबर्ट गिल या फौजी अधिकाऱ्याने अजिंठ्यास वर्षानुवर्षे राहून केलेल्या नकलांची हीच गत झाली होती. हा गिल १८७९ साली वारला, आणि त्याची कबर कोठे आहे ठाऊक आहे? आपल्या भुसावळला.

यानंतरची हकीकत आपल्याला अधिक जवळची आहे. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार बाई अजिंठ्याच्या नकला करण्यासाठी आल्या आणि फर्दापूरला तंबू ठोकून राहिल्या. कलकत्त्याहून अवनींद्रनाथ टागोरांनी आपले शिष्य मदतीस पाठविले. त्यात नंदलाल बोस होते, तेव्हा २७ वर्षांचे. आणि असितकुमार हालदार, अवघे १९ वर्षांचे. लेणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. हैदराबादकडून दोन तरुण या कामावर आले. त्यांची नावे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन. बंगाली हिंदू, हैदराबादी मुसलमान आणि इंग्रज बायका, सर्वांचा मुक्काम एका माळावर, आणि सर्वांचे काम एकच, बुद्धाच्या कथांची चित्रे. पुढे निजाम सरकारने पुराणवस्तू खाते काढले तेव्हा याच सय्यद अहमद यांच्याकडे अजिंठ्याच्या लेण्यांची देखरेख सोपविण्यात आली. एका शिबिराला गेलेला मुलगा त्या जागेचा राखणदार झाला. नंदलाल बोस पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले, आणि भारताच्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट त्यांच्या देखरेखीखाली झाली.

मला कोणी म्हणेल की सर, हे सर्व मोठे लोक झाले, आमच्या मुलाचे काय? प्रश्न रास्त आहे. शिबिराला गेलेला प्रत्येक मुलगा चित्रकार होत नाही, बहुतेक होत नाहीत. म्हणूनच मी एका मुलीची हकीकत सांगतो.

पहिल्या मुलाच्या बाबतीत हात पोळल्यावर मी ठरविले की पुढचे पत्रक खणात ठेवायचे नाही. दोन वर्षांनी नववीतील एका मुलीसाठी अर्ज भरला. वडील शिलाईकाम करतात. घरी मोठा वाद झाला. दादी म्हणाली, मुलीची जात, तीन आठवडे बाहेर? शेवटी मार्ग निघाला तो असा, की त्या शहरात मुलीची खाला राहत होती. खालाने अगोदर जाऊन मुलींचे वसतिगृह पाहिले, तेथील बाईंशी बोलली, दारावर पहारा आहे का, खोलीत किती मुली, रात्री किती वाजता दार बंद होते, सर्व विचारून फोन केला. दर रविवारी ती भेटीला जाई. जेवणाचे विचारले तर कळले की वसतिगृहात शाकाहारी जेवण असते, तेव्हा तोही प्रश्न मिटला. खर्च फी, साहित्य आणि भाडे धरून वडिलांच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त झाला. त्यातील काही भाग आम्ही तिघा शिक्षकांनी उचलला.

मुलगी परत आली आणि म्हणाली, "सर, मला चित्रकार नाही व्हायचं."

वडील माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते, पण चेहरा उतरलेला. "सर, पैसा गया क्या?" त्या वेळी मीही मनातून खचलो. मग मुलीला समोर बसवून विचारले. ती म्हणाली, समोर माणूस बसवून त्याचे चित्र काढण्यात मला गोडी वाटत नाही, पण संकल्पचित्र मात्र सुटत नाही. एक बुट्टा घ्यायचा आणि तो कापडभर कसा फिरवायचा, किनारीला कसा वळवायचा, यात माझे तास कसे जातात कळत नाही. मी शिंप्याच्या त्या मुलीकडे पाहत राहिलो! आज ती अकरावीला आहे आणि वस्त्रकलेच्या अभ्यासक्रमाची चौकशी करीत आहे. तेथे प्रवेश मिळेल की नाही, मला सांगता येत नाही. परंतु चार वर्षांच्या कॉलेजात घालून, लाखभर खर्च करून तिसऱ्या वर्षी जे कळले असते, ते तिला तीन आठवड्यांत आणि काही हजारांत कळले. मी वडिलांना एवढेच म्हणालो, की कापड बेतण्याआधी आपण माप घेतो, त्या टेपचे पैसे गेले असे कधी म्हणतो का? ते हसले. नंतर चहा आला.

आता पालकांच्या मनातले आणखी काही प्रश्न घेतो. ते मला दबक्या आवाजात विचारले गेले आहेत, येथे मोकळेपणी बोलू.

एक प्रश्न धर्माचा आहे. जानदाराची तस्वीर काढावी का? मी आलिम नाही आणि त्यावर मत देण्याचा मला अधिकार नाही. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी मौलानासाहेबांना विचारावे आणि मन साफ करून घ्यावे. मी फक्त एवढे सांगतो की चित्रकला म्हणजे नुसती माणसांची चित्रे नव्हेत. राज्याच्या कला संचालनालयाची एलिमेंटरी परीक्षा पाहा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्य भूमिती व अक्षरलेखन. यांपैकी स्मरणचित्रात माणसे येतात. बाकी सर्व वस्तू, बेलबुट्टी, वर्तुळ-त्रिकोण आणि अक्षरे. खुशखतीत आणि भूमितीच्या नक्षीत आपल्या पूर्वजांनी जे करून ठेवले आहे ते पाहायला दूर जावे लागत नाही. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाच्या काळचा शिलालेख आहे, अरबीत आणि संस्कृतातही. तो दगडावर कोरण्याआधी कोणीतरी आखून, मोजून, कागदावर काढलाच असेल ना? ती चित्रकलाच होय.

याच्या जवळचा दुसरा प्रश्न. वरच्या कलाशाळांत माणसाला समोर बसवून शरीररचनेचा अभ्यास करतात, आणि काही ठिकाणी तो मॉडेल उघड्या अंगाचा असतो. शाळकरी मुलांच्या शिबिरात तसे आहे का, हे अर्ज भरण्यापूर्वी सरळ विचारावे. विचारण्यात लाज नाही. चांगली संस्था सरळ उत्तर देते. जी टाळाटाळ करील तेथे पाठवू नये.

तिसरी गोष्ट तारखांची. आपले चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे सण सरकत राहतात. फी भरण्याआधी कॅलेंडर पाहावे, नाहीतर मुलगा तेथे आणि बकरी ईद येथे, असे व्हायचे. आमच्या त्या मुलीच्या अम्मीचे डोळे केवळ एका शुक्रवारच्या शेवयांवरून भरून आले होते. ईद असती तर काय झाले असते, अल्ला जाणे.

तब्येतीचेही सांगतो. रंगकामात टर्पेंटाइनसारखे वासाचे द्रव वापरतात. दम्याचा त्रास असलेल्या मुलाबद्दल शिक्षकांना आधी लिहून कळवावे. साहित्याची यादी अगोदर मागवावी. ड्रॉइंग बोर्ड, टू-बी, फोर-बी, सिक्स-बीच्या पेन्सिली, कार्ट्रिज कागद, पोस्टर रंग. यातले पुष्कळसे जळगावात मिळते, आणि ऐन वेळी तेथील दुकानात जास्त पैसे मोजावे लागतात. आणि कृपा करून प्रमाणपत्रासाठी पाठवू नका. शिबिराच्या प्रमाणपत्रावर कोणत्याही सरकारी कलामहाविद्यालयात प्रवेश मिळत नाही. तेथे प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते. जो कोणी "आमच्याकडे या, जे. जे.ला नक्की नंबर लागेल" असे सांगेल, त्याच्या दारातूनच परत फिरा.

राहिला पोटाचा प्रश्न. "ड्रॉइंग से पेट भरता क्या?" हे मला इतक्या वेळा विचारले गेले आहे की पाठ झाले आहे. खरे उत्तर असे की चित्रकार म्हणून थोड्यांचेच भरते. परंतु चित्रकलेच्या हाताने पुष्कळांचे भरते. कापडाची नक्षी, पुस्तकांची मांडणी, जाहिरात, घरांची अंतर्रचना, कार्टून फिल्म, आणि शाळेतील शिक्षकाची नोकरी, जी आपल्याच शाळेत रिकामी पडली आहे! मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून त्यांनी पोट भरले, मग जग त्यांच्याकडे आले. सय्यद हैदर रझा हे जंगलखात्यातील एका रेंजरचे पुत्र, मध्य प्रांतातल्या रानात वाढलेले. ते १९३९ साली, सतरा वर्षांचे असताना, नागपूरच्या चित्रशाळेत गेले, तेथून १९४३ साली मुंबईस, आणि १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला. लहानपणी त्यांचे लक्ष वर्गात टिकत नसे, तेव्हा शिक्षकाने भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले, अशी आठवण ते सांगत. उतारवयात तोच बिंदू त्यांच्या चित्रांत येऊन बसला. मी ही गोष्ट रझांसाठी सांगत नाही. त्या शिक्षकासाठी सांगतो, ज्याने मुलाला हाकलून न देता काहीतरी पाहायला दिले.

कोणी म्हणतील, घरी बसूनही कला होते, आपल्या चाळीसगावचे केकी मूस पाहा. खरे आहे. ते १९८९ साली वारले, आणि आयुष्याची कित्येक वर्षे त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नाही असे जुने लोक सांगतात. परंतु ते दार लावून घेण्यापूर्वी इंग्लंडला जाऊन शिकून आले होते, हे विसरू नये.

आता संस्थेकडे एक मागणे मांडतो, अध्यक्षसाहेबांनी राग मानू नये. दरवर्षी वार्षिक समारंभात आपण पितळेच्या ढाली आणि ट्रॉफ्या वाटतो. माझ्या घरी अशा चार आहेत. दोन कपाटावर आहेत आणि एकीत बायको सुई-दोरा ठेवते. या खर्चातून दरवर्षी दोन मुलांची, त्यात एक मुलगी असावीच, शिबिराची अर्धी फी संस्थेने भरावी. उरलेली अर्धी पालकांनी भरावी. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, हा माझा अनुभव आहे. मुलगा किंवा मुलगी निवडताना दहावीचे टक्के पाहू नयेत, वहीची शेवटची पाने पाहावीत. आणि परत आल्यावर त्या मुलाने महिनाभर शनिवारी खालच्या वर्गांना आपण काय शिकलो ते दाखवावे, एवढी एकच अट असावी.

मीही माझ्याकडून एक करणार आहे. शिबिराला पाठविण्याचे धाडस ज्यांना एकदम होणार नाही, त्यांच्यासाठी या महिन्यात एक दिवस अजिंठ्याला जायचे ठरविले आहे. सहल नव्हे. प्रत्येकाने बोर्ड, कागद आणि पेन्सिल आणायची, एका लेण्याचा एकच खांब निवडायचा आणि त्यासमोर बसायचे. डबा घरचा. पालकांनी बरोबर यावे, मुलींच्या अम्मींनी तर अवश्य यावे. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून रविवार धरला आहे. गाडी शाळेच्या फाटकातून सकाळी सहाला निघेल. नावे माझ्याकडे किंवा शाळेच्या ऑफिसात द्यावीत.